मेलेल्या राजाची रीत

पेला आईच्या ओठांपासून निघाला आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढे आला. बाईंनी तोंड मिटून घेतलं.

मी चौथीत होते. चर्चमध्ये वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसलेल्या बायकांच्या मागे उभी होते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. पाळकसाहेबांनी पांढऱ्या रुमालाने पेल्याची कड पुसली, पेला जरासा फिरवला आणि पुन्हा पुढे केला. दर माणसामागे ते असंच करायचे. बाईंनी मान हलवली. हळूच. अगदी सभ्यपणे.

"राहू द्या, पाळकसाहेब. मी पुढच्या महिन्यात घेईन."

एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. पेला शेजारच्या बाईंकडे गेला. त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि मग त्याही म्हणाल्या, राहू द्या. मग तिसऱ्या. पेला ओळीच्या टोकापर्यंत गेला आणि एकाही ओठाला न लागता परत आला. आई अजून गुडघ्यांवरच होती. डोळे मिटून प्रार्थना करत होती. तिला काही कळलंच नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट. पेला एकच असतो आणि सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं असतं, कारण आपण सगळे एक शरीर आहोत. हे शिकवतात. दुसरी एक गोष्ट शिकवत नाहीत, ती आपोआप कळते. आधी पुढची बाकं उठतात. जुनी घराणी. मग मधली बाकं. मग आम्ही, नगरकडच्या खेड्यांतून आलेले, दारापाशी बसणारे. पेला आमच्यापर्यंत येतो तेव्हा पुढच्यांचं पिऊन झालेलं असतं, त्यामुळे कोणाला तोंड मिटायची वेळ येत नाही.

त्या रविवारी आईचा गुडघा सुजला होता. दारापासून कठड्यापर्यंत चालायला वेळ लागेल म्हणून ती माझ्या खांद्यावर हात ठेवून लवकर निघाली आणि पुढची बाकं उठायच्या आत पोचली. तिचा गुन्हा एवढाच.

उपासना संपल्यावर पायरीवर डॉक्टर उभे होते. ते मंडळीचे ट्रस्टी. सदाशिव पेठेत त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या वर घर. आई त्याच दवाखान्यात आया होती. सकाळी फरशी पुसायची, पट्ट्यांच्या बादल्या धुवायची, मग वर जाऊन बाईंची कपबशी घासायची.

"काय हो, बस चुकत होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

आईला वाटलं, खरंच विचारताहेत. "नाही साहेब."

"मग घाई कसली? प्रभू सगळ्यांना पुरतो हो. आपण आपल्या जागेवरून, आपल्या वेळेला यावं. मंडळीची काही शिस्त असते."

दोन-तीन माणसं हसली. पुणेरी हसू, ओठ न उघडता. तेव्हा आईला कळलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिने हात जोडले. "चुकलं साहेब. गुडघ्यामुळं झालं."

बाई मागून म्हणाल्या, "असू दे. उद्या वेळेवर ये."

मला लाज वाटली. खरं सांगते, बाईंची नाही, डॉक्टरांची नाही. मला आईची लाज वाटली. तिच्या जोडलेल्या हातांची, सुजलेल्या गुडघ्याची, साडीच्या विटलेल्या काठाची. मी तिचा हात सोडून नळापाशी जाऊन उभी राहिले. ही कोणाची कोण, असं.

घरी जाताना धायरीच्या बसमध्ये मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, बाई रोज तू घासलेल्या कपातनंच चहा पित्यात ना?"

आईने माझ्या तोंडात मारली. भर बसमध्ये. "गप बस. हाय त्या नोकरीवर पाणी सोडू का?"

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर गेली. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दारापाशी बसली, सगळ्यांत शेवटी उठली.

त्यानंतर काही वर्षांनी चर्चमागच्या मोकळ्या जागेला पत्रे लागले. आम्ही मुलं तिथे लंगडी खेळायचो. पत्र्यांच्या आत खोदकाम सुरू झालं. कोणी विचारलं तर ट्रस्टी म्हणायचे, डागडुजी आहे. डागडुजीला एवढा मोठा खड्डा कशाला, असं वडिलांनी मंडळीच्या सभेत उभं राहून विचारलं. वडील कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. सभेत बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ, घरी आरशापुढे दोनदा म्हणून पाहिलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आपण प्रश्न विचारायला लागलात? छान. आपले वडील मिलोच्या पोत्यामागे चालत ख्रिस्ती झाले, आमचे पणजोबा वाचून, विचार करून झाले. थोडा फरक राहणारच."

मिलो म्हणजे दुष्काळात वाटलेली ती लाल ज्वारी. आमच्या आजोबांनी ती खाल्ली होती, हे खरं. गावात सगळ्यांनीच खाल्ली होती. पण आजोबांना नदीवर पाणी भरू देत नव्हते आणि मिशनच्या विहिरीवर भरू देत होते, ते डॉक्टरांच्या पणजोबांच्या वाचनात कुठे आलं नसावं.

वडिलांनी डॉक्टरांकडे एकदा पाहिलं. टोपी उचलली आणि बाहेर पडले. त्यांच्यामागे धायरीतली सहा-सात घरं बाहेर पडली. आई सगळ्यांत शेवटी. तिची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

आमची नवी मंडळी प्लायवुडच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सुरू झाली. खालून रंधा फिरल्याचा आवाज यायचा आणि प्रार्थनेत भुसा उडायचा. पहिल्या प्रभुभोजनाला वडिलांनी स्टीलचा पेला आणला, साधा, दुकानातून घेतात तसा. आम्ही सतरंजीवर गोल बसलो. पेला हातातून हातात फिरला. आई रडली. मीही रडले, का ते कळण्याएवढी मोठी झाले होते. त्या दिवशी आधी कोण प्यालं आणि नंतर कोण, मला आठवत नाही. कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही.

मग दिवस चांगले आले. लोक वाढले. सतरंजीच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. स्टीलच्या पेल्याला कोणीतरी नावं ठेवली, म्हणून चांदीचा मुलामा दिलेला पेला आला. वडील गेले. मंडळी त्यांनी उभी केली होती, म्हणून आईला पुढची खुर्ची मिळाली. तिच्यावर पांढरा कपडा घातला गेला. आई आधी उठणार, आई आधी पिणार. मग जुनी सहा-सात घरं. मग बाकीचे. हे कोणी ठरवलं नाही. कोणाला खटकलंही नाही. मला तर बरंच वाटायचं. आईच्या शेजारची खुर्ची माझी होती.

मीही बदलले होते. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागले. 'हाय' जाऊन 'आहे' आलं. 'पित्यात' जाऊन 'पितात' आलं. कोणी पूर्ण नाव विचारलं की मी पहिलं नाव सांगून पाण्याची बाटली तोंडाला लावायचे, आडनावाची वेळ निघून जायची. आईही बदलली. फोनवर "अहो, आपण कधी येताय?" असं म्हणायची तेव्हा मला क्षणभर कोणाचा तरी आवाज आठवायचा. कोणाचा, हे मी मनात येऊ दिलं नाही.

करोनाच्या काळात पेला बंद झाला होता. छोटे छोटे प्लास्टिकचे पेले आले, ज्याचा त्याला. साथ संपल्यावर बरेच जण म्हणाले, हेच बरं. आई ऐकेना. "प्रभूचा पेला एक म्हणजे एकच," ती पंचांपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपुढे म्हणाली. "एक शरीर, तर पेले शंभर कशाला?" मला तिचा फार अभिमान वाटला. पेला परत आला तो आईमुळे.

रंजनाताई आमच्यात आल्या त्या गेल्या वर्षी. यवतमाळकडच्या. नवरा घंटागाडीवर, त्या स्वतः एका सोसायटीचे जिने झाडतात. मुलगी आरोही, चौथीत. ती माझ्या संडे स्कूलच्या वर्गात बसते. बसायची. प्रश्न विचारून माझा जीव खायची. "टीचर, देवाला मराठी येते का?" "टीचर, नोहाच्या बोटीत झाडू कोण मारत होतं?" मी हसायचे आणि पुढचं पान उलटायचे.

ती माणसं पहिल्यांदा आली त्या रविवारी जेवताना आईने विचारलं, "आडनाव काय गं त्यांचं?"

मी सांगितलं.

आईने भाताचा घास केला, खाल्ला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ मला कळला होता. मी ताटाकडे बघत राहिले.

पावसाळा संपता संपता रंजनाताईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे त्यांचं पहिलं प्रभुभोजन. त्या दिवशी जुन्या करारातला पाठ वाचायची पाळी माझी होती. मीखा संदेष्टा, सहावा अध्याय. मी शनिवारी तो एकदा चाळला होता, उच्चार अडू नयेत एवढ्यापुरता. माझे उच्चार आता स्वच्छ आहेत. लोक कौतुक करतात.

मीखा खेड्यातला माणूस. शहरातल्या पुढाऱ्यांना, न्याय विकणाऱ्यांना, पैसे घेऊन देवाचं नाव सांगणाऱ्यांना तो तोंडावर बोलला. पण त्या अध्यायाच्या शेवटी तो पुढाऱ्यांना सोडतो आणि लोकांकडे वळतो. तुम्ही अजून अम्रीचे नियम पाळता, म्हणतो. अहाबाच्या घराण्याने जे केलं तेच करता. त्यांनी घालून दिलेल्या वाटेने चालता. आणि म्हणून लोक तुम्हाला हसतील. अम्री आणि अहाब हे राजे. अहाब तोच, ज्याला गरीब शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा होता आणि त्यासाठी ज्याच्या राणीने शेजाऱ्याचा खून करवला. मीखा हे बोलला तेव्हा दोघेही केव्हाच मेले होते. त्यांची हाडंही उरली नसतील. कोणाची जबरदस्ती नव्हती. तरी रीत चालूच होती.

मी वाचलं. स्वच्छ वाचलं.

आमचे पाळक तरुण आहेत, बोलतात छान. ते पुढाऱ्यांवर बोलले. दिल्लीचे पुढारी, मुंबईचे पुढारी, पुलाचे पैसे खाणारे, रस्त्याचे पैसे खाणारे. लोक माना डोलवत होते. मग ते म्हणाले, "आणि देवाच्या घरातसुद्धा अहाब बसलेले आपण पाहिले आहेत." सगळ्यांना कळलं, रोख कुठे आहे. चर्चमागचा तो खड्डा सगळ्यांना आठवला. तिथे आता सात मजले आहेत आणि डॉक्टर वारले तरी जागा विकल्याचा खटला सरला नाही.

आई म्हणाली, "आमेन." हॉलमध्ये सगळ्यांत मोठं आमेन तिचं होतं.

मग पाळकांनी भाकर मोडली. सगळ्यांनी हातात तुकडा घेऊन खाल्ला. पाळकांनी पेला उचलला आणि नेहमीचे शब्द म्हटले, या, तुम्ही सगळे यातून प्या.

रंजनाताई मागून उठल्या. नवी कोरी पिवळी साडी, केसांना तेल, पायात पैंजण. त्यांना वाटलं, सगळे म्हणजे सगळे. कोणी उठायच्या आत त्या खुर्च्यांच्या मधून सरळ पुढे आल्या. आरोही पदर धरून मागे. पाळक क्षणभर थांबले, पण थांबून करणार काय, त्यांनी पेला पुढे केला. रंजनाताईंनी दोन्ही हातांनी धरून घोट घेतला. डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं, जे माझ्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

पाळकांनी रुमालाने कड पुसली, पेला जरासा फिरवला आणि आईपुढे केला.

आई म्हणाली, "धुऊन आणा."

पाळकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात, मावशी?"

"पेला धुऊन आणा, मग घेते."

डॉक्टरीणबाई सभ्य होत्या. त्या निदान म्हणाल्या होत्या, पुढच्या महिन्यात. आईला तेवढंही जमलं नाही.

खाली रंधा त्या दिवशी बंद होता, त्यामुळे मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं. आता पाळक काहीतरी म्हणतील, असं मला वाटलं. पाळकांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी खिडकीकडे. मग एका पंचांनी पेला घेतला, मागच्या बेसिनपाशी नेला. नळाचा आवाज आला. द्राक्षारस ओतून दिल्याचाही आला.

रंजनाताई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्यं काही चुकलं काय, ताई?"

मी काही बोलले नाही. मी! जिने आत्ताच उभं राहून वाचलं होतं.

आईच बोलली. "रांगेनं यायचं असतं. तुला कोणी शिकवलं नाही? मंडळीची शिस्त असते."

तेच शब्द. शिस्त. तोच स्वर, मान तेवढीच कलती. आणि रंजनाताईंनी हात जोडले. "चुकलं, मावशी. मले माईत नव्हतं."

आरोहीने तिच्या आईचा पदर सोडला. दोन पावलं बाजूला सरकली. मग तिने वर पाहिलं. तिच्या आईकडे नाही, माझ्या आईकडे नाही. माझ्याकडे. तिची टीचर मी. मला ती दोन पावलं माहीत होती. ती मी टाकली होती, नळापाशी जाताना.

त्या पोरीच्या नजरेखाली मला जी लाज वाटली, ती पायरीवरच्या लाजेहून मोठी होती. पायरीवर आम्ही खाली उभे होतो. आता मी पांढऱ्या कपड्याच्या खुर्चीशेजारी बसले होते.

धुतलेला पेला आला. नवा द्राक्षारस ओतला. आई प्याली. पाळकांनी कड पुसली आणि पेला माझ्यापुढे केला. सवयीने माझी हनुवटी वर झाली होती, ओठ उघडले होते. मी ते मिटले. मिटताना कळलं की हेही बाईंचंच आहे, पेल्यापुढे तोंड मिटणं. नाकारायचं म्हटलं तरी माझ्याकडे दुसरी कोणती खूण नव्हती. म्हणून मी बोलले.

"माझ्या आधी रंजनाताई पितील. मग मी."

पाळक हळू आवाजात म्हणाले, "त्यांचं झालंय, ताई."

"त्यांचं झालं ते तुम्ही बेसिनमध्ये ओतलंत."

आईने माझं मनगट धरलं. पन्नास माणसांसमोर. मी सोडवून घेतलं आणि मागे वळले. रंजनाताई दारात पोचल्या होत्या, चपला शोधत होत्या. मी म्हटलं, "ताई, या. परत या."

त्यांनी मान हलवली. "नाही जी, ताई. झालं माह्यं." आणि पोरीला घेऊन जिना उतरल्या. पैंजणांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

कोणी त्यांना थांबवलं नाही. बाकीच्यांनी रांगेने येऊन प्रभुभोजन घेतलं. मी घेतलं नाही.

घरी आल्यावर आईने साडी बदलली नाही, पाणी प्यायली नाही. तशीच पलंगावर बसली. आणि एकदम तिची सगळी पुणेरी गळून पडली.

"मी किती वरसं दारापाशी हुबी हाय, तुला ठावं हाय का? लोकांच्या पट्ट्या धुतल्या. पाय सुजला तरी गुडघं टेकलं. आता कुटं माजा नंबर आला, तर तुज्या पोटात दुखाया लागलं?"

"तुझा नंबर नाही आला, आई. तुला बाईंचा नंबर मिळाला."

"मग काय वाईट झालं?"

ती खरंच विचारत होती. डॉक्टरांनी पायरीवर विचारलं होतं तसं नाही, खरंच. तिच्या मते न्याय म्हणजे हाच. जो शेवटी होता तो पुढे आला, बस्स. त्याच्या मागे आता कोण उभं आहे, हे बघायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने आयुष्यात मोठेपणाचा एकच नमुना जवळून पाहिला होता, आणि तो सदाशिव पेठेत वरच्या मजल्यावर राहत होता. रोज त्याचे कप घासता घासता ती तो शिकली.

"आई, मीखाने म्हटलं ते डॉक्टरांना नव्हतं," मी म्हटलं. "ते मेले. ते आपल्याला होतं."

"मला शास्तर शिकवू नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी रंजनाताईंच्या खोलीवर गेले. त्यांनी चहा केला. कप पुढे करताना त्यांचा हात थबकला, मी घेईन का म्हणून. माझ्या सगळ्या आयुष्याला शिक्षा म्हणून ते एक थबकणं पुरेसं आहे. मी चहा घेतला. सगळा प्याले. त्याने काही भरून आलं नाही.

"तिथंही तेच असन, तं घरीच बरं हाये, ताई," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "मले काही नाही वाटत, सवय हाये. पण पोरगी इचारते. आई, तुह्यं तोंड खराब हाये का? आता मी काय सांगू तिले?"

आरोही पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. तिने टीचर म्हटलं नाही. मी माफी मागितली. माफी मागणं सोपं असतं, आमच्यात तर फारच. रंजनाताई म्हणाल्या, "तुमी कायले?" आणि खरकटे कप उचलून मोरीत नेले.

नंतर पाळक घरी आले. आई आत होती. ते माझ्याशी फार आदराने बोलले. "ताई, आपण शिकलेल्या. पंचांत या. पुढच्या निवडणुकीत मी नाव सुचवतो. पुढे बसून हळूहळू बदल करता येईल. असं चारचौघांत बोलल्याने मावशींना किती त्रास झाला, पाहा. त्यांचं वय काय."

खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागलं. पंच. माझ्या वडिलांची खुर्ची. मी मनातल्या मनात त्या खुर्चीत बसूनही पाहिलं, आणि तिथून आरोही कुठे दिसते ते पाहिलं. दिसली नाही. दारापाशी होती.

मी म्हटलं, "बेसिनपाशी पेला नेला तो पंचांनीच. तुम्ही बघत होता."

"माझाही नाइलाज होता."

"आमच्या जुन्या दगडी चर्चमधल्या पाळकसाहेबांचाही होता."

ते चहा न पिता उठले.

आई आता माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे. गॅस बंद कर. तिच्या गुडघ्याला मी रोज तेल लावते, ती लावू देते, पण बघते दुसरीकडे. तिचा मला राग येतो आणि तिची दया येते, दोन्ही एकाच वेळी, आणि तेल लावताना हात कुठल्याने दाबतोय ते मला कळत नाही. मंडळीतले लोक म्हणतात, आईचा अपमान केला पोरीने. केला. आईचा अपमान दोनदा झाला, आणि पहिल्या वेळी मी नळापाशी जाऊन उभी होते.

येत्या रविवारी पुन्हा पेला येईल. मी काय करणार ते पाळकांना सांगितलं आहे, पंचांना सांगितलं आहे, आणि काल आईलाही सांगितलं.

पांढऱ्या कपड्याच्या शेजारची खुर्ची मी सोडली. मी दारापाशी बसणार. रंजनाताई येईपर्यंत त्या पेल्याला मी तोंड लावणार नाही. त्या कधीच आल्या नाहीत तर कधीच नाही. पाठ वाचायची पाळी माझ्याकडून काढून घेतली आहे. हरकत नाही. मला तो तोंडपाठ आहे, मी दारातून म्हणेन. अम्री आणि अहाबाची नावं मी घेणार नाही, ती कोणालाच टोचत नाहीत. मी डॉक्टरांचं नाव घेईन, डॉक्टरीणबाईंचं घेईन, मग आईचं, मग माझं. दर पहिल्या रविवारी. मला उचलून जिन्यावरून खाली नेलं तर प्लायवुडच्या दुकानापुढे उभी राहून म्हणेन.

आई म्हणाली, "माजं नाव घेशील? जल्म दिला त्या आईचं?"

"घेईन," मी म्हटलं. "पायरीवर हात जोडून उभी होती, तिची मी मुलगी आहे. पेला धुवायला लावणारीची मी कोणी नाही."

मी तेलाची वाटी उचलली, आणि तिच्या दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं.